कुंपणाबाहेरून ऐकलेले हाल्फडोंकर

मयूरा देवस्थळी यांनी हाल्फडोंकर या इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवणाऱ्या डच जोडीचे सिडनीतले जवळजवळ सगळे कार्यक्रम ऐकले आहेत आणि एकही पाहिलेला नाही. मैदानात हजारो तरुण हात उंचावून नाचत असतात, तेव्हा मयूराताई तिथून किलोमीटरभर लांब, कुणा अनोळखी माणसाच्या परसात, तिवईवर लावलेल्या ध्वनिमापकाशेजारी घडीच्या खुर्चीत बसलेल्या असतात. संगीत महोत्सवाचा आवाज आसपासच्या घरांपर्यंत किती पोहोचतो हे मोजणे हा त्यांचा व्यवसाय आहे. मर्यादा ओलांडली की त्या मंचाजवळच्या तंत्रज्ञाला फोन करतात आणि आवाज उतरवायला लावतात.

मी त्यांच्याकडे गेलो होतो तो वेगळ्याच कामासाठी. पश्चिम सिडनीत गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत वाजणाऱ्या एका ढोल-ताशा पथकाच्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह मी करतो आहे, आणि मयूराताई त्या पथकात ताशा वाजवतात. पुण्यात अभियांत्रिकीला असताना त्या ताशा शिकल्या, इथे ध्वनिशास्त्राच्या पुढच्या शिक्षणासाठी आल्या, आणि आता कॅसल हिलला नवरा आणि मुलीसह राहतात. पहिल्या भेटीत मी त्यांना ताशाच्या कड्याविषयी आणि काड्यांविषयी प्रश्न विचारले. त्यांनी उत्तरे दिली ती हाल्फडोंकरविषयी, आणि तीही संतापून. या वर्षी मिरवणुकीत ताशाला बंदी आली होती. डच जोडीला मात्र तीच मर्यादा, तेच काउन्सिल म्हणजे स्थानिक नगरपालिका, तोच महिना असून कसलीही आडकाठी नव्हती. ताशा वाजणार की नाही, याशिवाय दुसऱ्या कोणत्याही विषयावर बोलायची त्यांची तयारी नव्हती.

हाल्फडोंकर या जोडीची कारकीर्द छापील साधनांतून कुणालाही मांडता येईल. एका बंदराच्या गावातले दोन शाळासोबती, गॅरेजमध्ये जमवलेली यंत्रे, पहिले गाजलेले गाणे, मग मोठमोठे मंच. मयूराताईंकडे याच कारकिर्दीची दुसरी आवृत्ती आहे. भिंती, झाडे आणि हवा मिळून वरचे स्वर गिळून टाकतात. कुंपणाबाहेर पोहोचतो तो केवळ खर्ज. त्यामुळे त्यांना माहीत असलेले हाल्फडोंकर म्हणजे निव्वळ ठोका. सुरुवातीच्या दौऱ्यांत तो कोरडा आणि आखूड होता, शेजारच्या खोलीत कुणी कपाट बंद करावे तसा. पुढे त्याला शेपूट फुटले. प्रत्येक ठोक्यामागे एक घुमणारा स्वर लोंबकळू लागला आणि परसातली पत्र्याची शेड त्या स्वरात गुणगुणू लागली. ठोका मध्येच थांबायचा, सगळे स्तब्ध व्हायचे, आणि मग तो दुप्पट जोराने कोसळायचा. परसातली कुत्री या स्तब्धतेलाच आधी भुंकत, कारण पुढे काय येणार हे त्यांना कळून चुकले होते.

नंतर एक हंगाम असा आला, की कुंपणाबाहेर काहीच आले नाही. मयूराताईंचा समज असा, की दोघांचे भांडण झाले असावे. हे मी तपासून पाहिले. भांडणाचा उल्लेख कुठेही नाही. त्या काळात जोडीने एका गायिकेला सोबत घेतले होते, चाल पुढे आणली होती, आणि समीक्षकांनी त्याला प्रगल्भता म्हटले होते. प्रेक्षकांनी काहीच म्हटले नाही, ते आलेच नाहीत. त्यापुढच्या दौऱ्यात ठोका परतला, पूर्वीपेक्षा संथ आणि पूर्वीपेक्षा खोल. भांडणाचा तपशील सोडला तर मयूराताईंचा सगळा इतिहास प्रसिद्ध झालेल्या ध्वनिफितींशी जुळतो. एखाद्या कलावंताची अशी चिकित्सा संगीतसमीक्षेत मला आढळलेली नाही.

त्यांची मुलगी ओवी दहावीत आहे आणि हाल्फडोंकरची निस्सीम चाहती आहे. आईच्या या ज्ञानाविषयी तिला काडीचा आदर नाही. एकदा मोटारीत तिने त्यांचे सर्वांत गाजलेले गाणे पूर्ण ऐकवले, तेव्हा त्यात वर एक नाजूक, जवळजवळ अंगाईसारखी चाल आहे हे मयूराताईंना प्रथमच समजले. इतकी वर्षे ऐकतेय, हे कुठे होते, असे त्यांनी विचारले. ओवी म्हणाली, "मम, यू'व्ह बीन लिकिंग द केक बॉक्स. केक आत असतो."

हा विनोद घरात अजून चालतो. बाकी जे घडले त्यात विनोदाला जागा नाही.

ध्वनिमापकाला दोन कान असतात, असे मयूराताई समजावून सांगतात. एक कान माणसाच्या कानासारखा असतो. खालच्या खर्जाकडे तो बव्हंशी दुर्लक्ष करतो आणि वरच्या, टोकदार आवाजाला तत्काळ प्रतिसाद देतो. दुसरा कान खर्जही मोजतो. कोणत्या कानाने ऐकायचे हे नियम ठरवतो. ज्या उपनगरात मिरवणूक निघते, त्याचे नाव मी येथे देत नाही. तिथल्या काउन्सिलचा नियम जुना आहे. शेजाऱ्याच्या गवत कापायच्या यंत्राचा आवाज आणि परसातल्या पार्टीचा रेडिओ यांच्यापलीकडे त्याने काही कल्पिलेले नाही. तो फक्त पहिल्या कानाने ऐकतो. ताशाचा आवाज नेमका तिथे असतो जिथे हा कान सर्वांत तीक्ष्ण आहे. हाल्फडोंकरचा ठोका नेमका तिथे असतो जिथे हा कान बहिरा आहे.

यातूनही काही बिघडले नसते. पथकाच्या मिरवणुकीला इतकी वर्षे एकपानी अर्जावर परवानगी मिळत होती. रविवारची दुपार, उद्यानाभोवतीचा एक फेरा, आणि आरती. कुणाचीही तक्रार नव्हती. काउन्सिलकडे असलेल्या तक्रारींच्या नोंदी मी मागवून पाहिल्या; मिरवणुकीविषयी त्यात एक ओळही नाही. पण या वर्षी पथकाचे नेतृत्व प्रतापदादांकडे आले.

प्रतापदादा एका बँकेत सॉफ्टवेअर प्रकल्प सांभाळतात. माणूस कष्टाळू आणि कुणाच्याही अडीअडचणीला धावून जाणारा. आपण जितकी जास्त कागदपत्रे देऊ तितका आपला मान वाढतो, अशी त्यांची प्रामाणिक श्रद्धा आहे. त्यांनी एका पानाच्या अर्जासोबत 'ध्वनी व्यवस्थापन आराखडा' जोडला. त्यात उद्यानाचा नकाशा होता, जोखमींचा रंगीत तक्ता होता, आणि मयूराताईंनी एका सरावाच्या वेळी सहज, गंमत म्हणून मोजून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकलेला ताशाचा आकडाही होता. तो आकडा त्यांनी हसऱ्या चेहऱ्यासह टाकला होता. आराखड्यात तो 'मान्यताप्राप्त तज्ज्ञाचे निरीक्षण' या शीर्षकाखाली, त्यांच्या पूर्ण नावासह आला. त्यांना न विचारता.

यांतले काहीही काउन्सिलने मागितले नव्हते.

"आपली ही खोडच आहे," मयूराताई मला म्हणाल्या. "पीआरच्या, इथे कायमचं राहायच्या अर्जाला आम्ही लग्नाचा अख्खा आल्बम जोडला होता. हळदीसकट. समोरच्याने एक कागद मागितला की आपण दहा देणार, आणि मग त्यातल्याच एकावर बोट ठेवून त्याने नाही म्हटलं, की थँक यू म्हणून घरी येणार."

काउन्सिलच्या पर्यावरण विभागातल्या हेलन नावाच्या अधिकारी बाईंनी आराखडा वाचला, आणि एकदा वाचल्यावर तो न वाचल्यासारखे करणे त्यांना शक्य नव्हते. आकडा मर्यादेच्या वर होता. त्यांनी पथकाला बोलावून घेतले. आराखड्याची स्तुती केली. असा व्यवस्थित अर्ज आपल्याकडे क्वचितच येतो, असे सांगितले. मग अट सांगितली. ढोल चालतील, कारण ते मर्यादेत बसतात. ताशा चालणार नाही. मयूराताईंनी विचारले की ढोल कशाच्या आधाराने वाजतील. ताशा हा पथकाचा म्होरक्या असतो. ठेका केव्हा बदलायचा, केव्हा थांबायचे, हे त्याच्या तर्रीवरून, म्हणजे काड्यांच्या त्या सलग थरथरीवरून, ढोलवाल्यांना कळते. हेलनबाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि त्या म्हणाल्या की याविषयी नियमात काही नाही. प्रतापदादांनी त्यांचे दोनदा आभार मानले.

बाहेर गाड्या लावायच्या जागेत जे झाले ते मला दोघांनी वेगवेगळे सांगितले, आणि आश्चर्य म्हणजे दोन्ही वृत्तांत जुळतात.

"थँक यू कशाबद्दल म्हणालास?" मयूराताईंनी विचारले.

"अगं, परवानगी दिली ना त्यांनी."

"ताशा काढून घेतला, प्रताप."

"एक वर्ष. पुढच्या वर्षी नीट डेटा देऊ, मग बघू. आत्ता त्यांच्याशी रिलेशन बिघडवायचं नाहीये मला."

"माझं नाव वापरून तू माझाच ताशा बंद केलास, आणि रिलेशन कुणाशी टिकवतोयस तर त्यांच्याशी."

प्रतापदादा त्यावर हसले. ते का हसले हे त्यांना स्वतःला अजून सांगता येत नाही. मयूराताई तिथून निघाल्या त्या पेंडल हिलच्या दुकानातून नारळ घ्यायचे राहिले आहेत हे विसरून थेट घरी गेल्या, आणि दोन दिवस पथकाच्या कुणाचाच फोन त्यांनी उचलला नाही.

मिरवणुकीच्या आदल्या शनिवारी हाल्फडोंकरचा कार्यक्रम होता, त्याच काउन्सिलच्या हद्दीतल्या मैदानावर. मयूराताई कामावर होत्या. त्यांची जागा नेहमीचीच, रॉन नावाच्या निवृत्त वीजतंत्र्याचे परस. रॉनची बायको वारली आहे. तिच्या चिनी मातीच्या कपबश्या अजून बैठकीतल्या काचेच्या कपाटात जशाच्या तशा मांडलेल्या आहेत. मयूराताईंनी त्या दुपारी हेलनबाईंना फोन करून तिथे बोलावले. मापनाच्या ठिकाणाची अधिकाऱ्याने पाहणी करणे नियमात बसते, त्यामुळे त्या आल्या. येताना बिस्किटांचा पुडाही घेऊन आल्या. माणूस म्हणून त्यांच्यात काही वाईट नव्हते, हे मयूराताई आजही मान्य करतात, आणि ते मान्य करताना त्यांचा राग अधिकच वाढतो.

सूर्य कलायला लागला होता. हाल्फडोंकर मंचावर आले आणि शेड गुणगुणू लागली. मग बैठकीतून किणकिण ऐकू आली. कपाटातल्या कपबश्या एकमेकींवर आपटत होत्या. रॉन आत जाऊन कपाटावर हात ठेवून उभा राहिला, एखाद्या लहान मुलाला थोपटावे तसा. बाहेर मापक शांत होता. आकडा मर्यादेच्या बराच खाली होता.

"मर्यादेत आहे म्हणे," रॉन आतून म्हणाला. "माझ्या बायकोच्या कपांना कळवा कुणीतरी, मेट."

मयूराताईंनी मापक दुसऱ्या कानावर लावला आणि हेलनबाईंना पडदा दाखवला. आकडा झेप घेऊन वर गेला होता. उद्या रविवारी दुपारी एक बाई एका उद्यानाभोवती ताशा वाजवत चालणार होती, तो आवाज कुणाच्याही घरातला कप हलवणार नाही, आणि तो बंद आहे. हा चालू आहे. यातले तुम्हांला काय दिसते, असे त्यांनी विचारले. संभाषण अर्थातच इंग्रजीत झाले. मराठी माझे आहे.

हेलनबाईंनी पडदा पाहिला, कपाट पाहिले. मग म्हणाल्या, "मला ऐकू येतंय, मयूरा. पण मला काय ऐकू येतं यावर मी परवानगी देऊ शकत नाही."

येथे माझे काम मला अप्रिय झाले. मयूराताई सुरुवातीपासून सांगत होत्या की महोत्सवाला खास सवलत दिली गेली, गोऱ्यांना एक नियम आणि आपल्याला एक. मी दोन्ही परवानग्या मागवून शेजारी ठेवल्या. सवलत कुठेही नाही. मर्यादा तीच, अटींची भाषा तीच, खाली सहीही एकाच व्यक्तीची. शिवाय मिरवणूक घरांच्या अगदी फाटकांवरून जाते आणि महोत्सव दूर असतो, हाही फरक दुर्लक्षिण्यासारखा नाही. मी हे त्यांना सांगितले. त्या खवळतील अशी माझी अपेक्षा होती आणि ती पूर्ण झाली, पण वेगळ्या कारणाने.

"सवलत असती तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "सवलतीविरुद्ध भांडता येतं. इथे सगळं समान आहे म्हणे. ज्या कानाने ते ऐकतात तो कान त्यांच्या सोयीचा आहे, हे कुठल्या अपिलात लिहू?"



मिरवणुकीच्या दिवशी मी ध्वनिमुद्रक घेऊन उद्यानाच्या कोपऱ्यावर उभा होतो. मयूराताईंना या वर्षी ध्वज धरायचे काम दिले होते. पांढरा कुडता, कमरेला भगवा शेला, चेहरा दगडासारखा. ताशा त्यांनी गाडीच्या डिकीत आणला होता. का आणला, यावर त्यांचे म्हणणे इतकेच, की तो घरी ठेवून येणे त्यांना जमले नाही. ढोल सुरू झाले आणि पहिल्या वळणावरच विस्कटले. मागची रांग पुढचीच्या अर्धा ठोका मागे पडली. थांबून पुन्हा सुरुवात झाली, पुन्हा विस्कटले. पालखीशेजारी चालणाऱ्या आज्या एकमेकींकडे पाहू लागल्या.

प्रतापदादांनी याची तजवीज करून ठेवली होती. ध्वनिक्षेपकावरून वाजवलेले संगीत वेगळ्या कलमाखाली येते, आणि पहिल्या कानाच्या मर्यादेत बसते, हे त्यांनी शोधून काढले होते. ढोलांना ताल धरायला एक स्थिर ठोका हवा, आणि असा ठोका जगात कुणाकडे असेल तर तो हाल्फडोंकरकडे. कल्पना त्यांना ऑफिसमधल्या मुलांनी सुचवली होती. ढकलगाडीवरचा काळा ध्वनिक्षेपक त्यांनी सुरू केला. गणपतीपुढे तो डच ठोका घुमू लागला, शेपटीसकट, आणि इतक्या जवळून, की त्यावरची ती अंगाईसारखी चालही सगळ्यांना ऐकू आली. ढोल त्याच्यावर बसले. ताल जुळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी मोबाइल उंच धरला.

ओवी मैत्रिणींबरोबर पदपथावर उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला. ज्या संगीतावर तिचे इतके प्रेम आहे ते वाजत असताना ती शरमेने लाल झाली होती.

मयूराताईंनी ध्वज शेजारच्या मुलीच्या हातात दिला आणि ढकलगाडीजवळ गेल्या.

"बंद कर."

"मयूरा, प्लीज. लोक एन्जॉय करतायत."

"हे दोघे वाजवतायत, प्रताप. आपण त्यांच्या मागून चाललोय. बंद कर."

"आणि ढोल पडले की? तू बघितलंस ना काय झालं ते. पुढच्या वर्षी नक्की, आय प्रॉमिस."

"पुढच्या वर्षीपर्यंत ही पोरं यांच्यावर वाजवायला शिकतील. मग ताशाची गरजच कुणाला वाटणार नाही. तेव्हा तू परवानगी आणशील."

त्या आपल्या मोटारीकडे गेल्या, ताशा गळ्यात अडकवून परत आल्या आणि पहिल्या रांगेसमोर उलट तोंड करून उभ्या राहिल्या. माझ्या ध्वनिमुद्रणात पुढचा भाग स्पष्ट आहे. ध्वनिक्षेपक चालूच होता. त्याच्या लयीवर स्वार न होता, मुद्दाम थोडी वेगळी लय धरून, त्यांनी तर्री लावली. काही क्षण दोन लयी एकमेकींवर आदळत राहिल्या. ऐकायला ते असह्य आहे. ढोलवाल्यांपैकी निम्मे यंत्राबरोबर होते, निम्मे बाईंबरोबर. मग मागच्या रांगेतून एक ढोल फिरला, त्याच्याबरोबर दुसरा, आणि बघता बघता सगळी रांग ताशाकडे आली. यंत्र कुणी बंद केले ते मुद्रणावरून कळत नाही. प्रतापदादा म्हणतात, त्यांनी नाही. ओवी काहीच म्हणत नाही.

उरलेला फेरा ताशावर झाला. घरांतून माणसे बाहेर आली, फाटकांवर रेलून पाहत उभी राहिली, आत गेली. तक्रार कुणीही केली नाही. तरी काउन्सिलला कळले, कारण सोमवारी सकाळी प्रतापदादांनी स्वतः हेलनबाईंना सगळे सविस्तर कळवले आणि पथकाच्या वतीने दिलगिरी व्यक्त केली. हेही कुणी मागितले नव्हते.

परिणाम असे झाले. पुढच्या वर्षीच्या परवानगीचा निर्णय लांबणीवर पडला आहे. मर्यादा माहीत असून ती मोडणाऱ्या व्यक्तीला मापनाचे काम देता येईल का, अशी विचारणा मयूराताईंच्या कंपनीकडे झाली आहे, आणि तिचा निकाल लागेपर्यंत त्यांना महोत्सवांच्या कामावरून बाजूला ठेवले आहे. पथकाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातून त्यांना कुणी काढलेले नाही. फक्त एक नवा गट तयार झाला आहे.

प्रतापदादांनी मला विनंती केली की संग्रहातून त्या दिवसाचे मुद्रण वगळावे, निदान ताशाचा भाग तरी, कारण तो नियमभंगाचा पुरावा आहे आणि तो मयूराच्याच विरुद्ध जाईल. त्यांच्या बोलण्यात खोटेपणा नव्हता. त्यांना खरोखरच तिची काळजी वाटत होती. मी मयूराताईंना विचारले. मुद्रण ठेवायचे असेल तर त्यांचे नाव बदलता येईल, ठिकाण झाकता येईल, असेही सुचवले.

त्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिले नाही.

"ठिकाण झाक," त्या म्हणाल्या. "तिथे बाकीचे राहतात. माझं नाव तसंच ठेव, आडनावासकट. त्या आराखड्यात मला न विचारता घातलं होतं. इथे मी सांगतेय म्हणून घाल."